समुद्रापासून 300 मीटर ठीक, पण जमीन किती उंच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्रापासून 300 मीटरवर एक बैठं घर विकत मिळतंय. सोबत वयस्कर आईवडील राहणार आहेत आणि वडिलांना गुडघ्यांमुळे भराभर चालता येत नाही. विकणारा छातीठोकपणे सांगतोय की चाळीस वर्षांत इथे पाणी शिरलेलं नाही. तुम्हाला मात्र त्सुनामीची धास्ती वाटते, आणि एवढं अंतर पुरेसं आहे का, हे जाणून घ्यायचं आहे.

गेली 22 वर्षं मी किनाऱ्यावरच्या जागा तपासतो. बांधकामाआधी जमीन बघायची आणि वादळ येऊन गेलं की कुठे किती पाणी चढलं ते मोजायचं, हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगतो, नुसत्या 300 मीटरवरून मला होय किंवा नाही म्हणता येणार नाही, आणि जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. घराचं जोतं समुद्रपातळीपासून किती उंच आहे, पाण्याला तिथवर यायला कुठल्या वाटा आहेत, आणि इशारा मिळाल्यापासून तुमचे वडील उंचावर पोहोचेपर्यंत किती मिनिटं जातील.

अंतराबद्दल माझं मत कसं बदललं ते सांगतो. एका वादळानंतर मी भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा मोजत फिरत होतो. पुळणीला लागून, लाटांपासून जेमतेम 80 मीटरवर, वाळूच्या उंच टेकडीमागे एक घर होतं. कौलं उडाली होती, पण जमिनीवर पाण्याचा डाग नव्हता. तिथून सव्वा किलोमीटर आत खाडीकाठच्या वस्तीत मात्र रेघ माझ्या छातीपर्यंत होती. त्या लोकांना घरातून समुद्र दिसतही नव्हता. पाणी समोरून आलंच नाही, ते खाडीतून वळून मागच्या दारानं आलं. तेव्हापासून कुणी अंतर सांगितलं की मी आधी खाडी, ओढा, नाला कुठे आहे ते विचारतो.

आता हे पाणी चढतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण किनाऱ्यावर चक्रीवादळात माणसं सर्वांत जास्त मेली आहेत ती वाऱ्यानं नव्हे, पाण्यानं. हवामानाच्या इशाऱ्यांत ज्याला स्टॉर्म सर्ज म्हणतात, त्याला मी फुगवटा म्हणेन. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो. दाब 1 हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर वर उचलला जातो. म्हणजे दाब 60 नं उतरला तरी वाढ जेमतेम 60 सेंटिमीटर. खरा भार वाऱ्याचा असतो. तासन्‌तास एकाच दिशेनं वाहणारा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो. समुद्र खोल असेल तर हे पाणी खालून परत फिरू शकतं. तळ उथळ आणि लांबवर पसरलेला असेल तर त्याला परतीची वाट नसते, आणि ते किनाऱ्यावर चढत जातं. म्हणून सारख्याच ताकदीचं वादळ एका किनाऱ्यावर एक-दीड मीटर फुगवटा आणतं, तर दुसरीकडे पाच-सहा मीटर. वादळाची श्रेणी ऐकून पाण्याचा अंदाज बांधू नका, ती श्रेणी वाऱ्याच्या वेगावरून ठरते.

त्यात भरतीची वेळ. फुगवटा ओहोटीला आला तर निभावतं. उधाणाच्या भरतीला आला तर दोन्ही उंची एकमेकींवर रचल्या जातात. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळ आलं, ते भरतीच्याच सुमारास. उथळ उपसागर, सखल त्रिभुज प्रदेश आणि रात्रीची वेळ. किमान 3 लाख माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर 2007 साली सिडर हे अतितीव्र चक्रीवादळ आलं, तेव्हा मृतांचा अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. किनारा तितकाच सखल होता. फरक पडला तो इशारे, गावोगाव निरोप पोहोचवणारे स्वयंसेवक आणि उंच खांबांवरचे निवारे यांमुळे. ओडिशातही हेच दिसलं. 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार मृत्यू झाले. 2013 मध्ये फायलिन चक्रीवादळ येण्याआधी सुमारे 10 लाख लोकांना हलवलं गेलं आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. धोका तितकाच असताना परिणाम इतका बदलू शकतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण किनाऱ्याबद्दल बोलताना लोक एकतर घाबरून जातात किंवा नशिबावर सोडून मोकळे होतात.

तुमच्या जागेचा हिशेब असा मांडा. आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून घेतोय, तुमचे वेगळे असतील. उधाणाची भरती सरासरी समुद्रपातळीच्या वर 2 मीटर. त्या किनाऱ्यावर संभवणारा फुगवटा 2 मीटर. घराच्या आयुष्यात समुद्रपातळी वाढण्यासाठी अर्धा मीटर. झाले साडेचार. आता जमीन साडेतीन मीटरवर असेल तर तिच्यावर 1 मीटर पाणी उभं राहणार, आणि एवढ्या खोल पाण्यावरून पाऊण मीटरच्या लाटा आत येऊ शकतात. लाट किती मोठी राहू शकते हे पायाखालच्या पाण्याच्या खोलीवर ठरतं, तिच्या साधारण आठ दशांशापर्यंत. त्यामुळे पाणी गुडघाभर असताना भिंत टिकते आणि कमरेच्या वर गेलं की लाटा ती फोडू लागतात. घनमीटरभर समुद्राचं पाणी म्हणजे एक टनाहून थोडं जास्त वजन.

हा हिशेब फोनवर दिसणाऱ्या उंचीवरून करू नका. ती दहा-दहा मीटरनं चुकलेली मी पाहिली आहे, आणि इथे तर अर्ध्या मीटरवर निकाल बदलतो. सर्वेअरला सांगून जवळच्या सरकारी बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपासून, जोत्यापर्यंत लेव्हल (उंचीतला फरक) काढून घ्या. भरतीच्या तक्त्यातली उंची बहुधा सरासरी पातळीपासून नसते, सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपासच्या शून्यापासून असते. दोन वेगळे शून्य एकाच बेरजेत घेतले की आकडा दीड-दोन मीटरनंही चुकू शकतो. ही चूक मी शिकल्या-सवरलेल्या अभियंत्यांच्या अहवालांतही काढली आहे.

आता चाळीस वर्षांचं. विकणारा खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. पण समजा एखादं पाणी असं आहे की ते येण्याची शक्यता दर वर्षी 1 टक्का आहे, ज्याला लोक शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात. असं पाणी सलग चाळीस वर्षं न येण्याची शक्यता सुमारे 67 टक्के असते. म्हणजे त्याला काही दिसलं नाही यात नवल नाही, आणि त्यावरून जागा सुरक्षित ठरत नाही. उलटीकडून बघा: तेच पाणी पुढच्या 30 वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के आहे. चारांत एक. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी माणसाला वाटतं की आपल्या हयातीत नाही. मी ग्राहकांशी बोलताना हे शब्द वापरणं सोडून दिलं आहे.

विकणाऱ्यापेक्षा गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुन्या देवळाची, मशिदीची, चर्चची जागा बघा. जुनी वस्ती टेपावर आणि नवी घरं सखलात असतील तर त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं. जपानमध्ये अनेयोशी नावाच्या वाडीत 1933 च्या त्सुनामीनंतर एक शिळा उभारली: या खुणेखाली घरं बांधू नका. लोकांनी ते पाळलं, आणि 2011 साली पाणी त्या शिळेच्या खालीच थांबलं.

त्सुनामीची तुमची भीती चुकीची नाही, पण तिला तिच्या जागी ठेवायला हवं. बहुतेक किनाऱ्यांवर एका आयुष्यात त्सुनामी येतच नाही, वादळं आणि जमिनीची धूप मात्र नक्की येतात. तुमच्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मोठा भूकंप झाला की पाणी काही मिनिटांत येतं, आणि सायरनची वाट बघायला वेळ नसतो. इंडोनेशियातल्या सिमुलुए बेटावर 1907 च्या त्सुनामीची आठवण आजी-आजोबांनी ‘स्मोंग’ या एका शब्दात जपली होती: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. 26 डिसेंबर 2004 ला ते बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. सुमारे 78 हजार लोकांपैकी सातच्या आसपास मृत्यू झाले. त्याच दिवशी जगभरात सव्वादोन लाखांहून अधिक माणसं गेली, त्यांतली कितीतरी अशा ठिकाणी जिथे पाणी पोहोचायला दीड-दोन तास लागले होते.

त्सुनामी खोल समुद्रात, 4 हजार मीटर खोलीवर, ताशी सुमारे 700 किलोमीटर वेगानं धावते आणि बोटीतल्या माणसाला कळतही नाही. किनाऱ्याशी वेग घटतो, उंची वाढते, आणि ती एकच लाट नसते. दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या अंतरानं त्या येत राहतात, आणि पहिली सर्वांत मोठी असेलच असं नाही. मे 1960 मध्ये चिलीच्या भूकंपानंतर सुमारे 15 तासांनी हवाईतल्या हिलो शहरात पाणी पोहोचलं. सायरन कितीतरी आधी वाजला होता. सुरुवातीच्या लाटा लहान निघाल्या, काही लोक थांबून राहिले, काही परत आले, आणि नंतरच्या मोठ्या लाटेनं 61 जणांचा जीव घेतला. म्हणून घरातल्यांना सांगून ठेवा: पाणी ओसरलं म्हणजे संपलं असं नाही, प्रशासनानं परवानगी देईपर्यंत खाली यायचं नाही.

इशारा ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं. 2013 साली फिलिपिन्समधल्या टाक्लोबान शहरात हैयान वादळाआधी फुगवट्याचा इशारा दिला गेला होता, पण ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणजे काय हे अनेकांना कळलंच नाही. त्सुनामीसारखं पाणी येणार असं सांगितलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. आईवडिलांना हा शब्द त्यांच्या भाषेत आजच समजावून सांगा.

आता ज्या धोक्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, तो. जमिनीची धूप. माझ्या मते 300 मीटरवरच्या घराला पुढच्या तीस-चाळीस वर्षांत याचा उपद्रव होण्याची शक्यता त्सुनामीपेक्षा कितीतरी जास्त आहे. किनारा वाळूच्या जमाखर्चावर जगतो. नद्या वाळू आणतात, लाटा ती किनाऱ्याला समांतर वाहून नेतात. नदीवर धरण झालं, नदीतून किंवा पुळणीवरून वाळू उपसली गेली, किंवा वाळू जिकडून येते त्या बाजूला बंदराची भिंत आली की जमा थांबते आणि खर्च चालू राहतो. पुदुच्चेरीत बंदराच्या भिंतींमुळे उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. नाईलच्या मुखाशी आस्वानच्या मोठ्या धरणानंतर त्रिभुज प्रदेशाची कड झपाट्यानं झिजली. इंग्लंडच्या होल्डरनेस किनाऱ्यावर मातीचे कडे वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे हटतात. तुमच्याकडे वर्षाला 3 मीटर जात असेल, तर तीस वर्षांत 90 मीटर गेले. घर उभं असेल, पण समोरचा रस्ता आणि वाळूची टेकडी उरली नसेल, आणि मग मघाचा फुगवट्याचा हिशेब सगळा बदलतो.

हे तपासणं सोपं आहे. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं काढा आणि किनारारेषा ताडून बघा. एक काळजी घ्या: वादळी ऋतूत पुळण अरुंद होते आणि शांत दिवसांत वाळू परत येते, म्हणून तुलना एकाच ऋतूतल्या चित्रांची करा, शक्य असेल तर भरतीची स्थितीही सारखी बघा. मग प्रत्यक्ष चालत जा. उघडी पडलेली झाडांची मुळं, वाळूच्या टेकडीला पडलेला उभा कापा, पुळणीवर एकटीच उभी राहिलेली विहिरीची बांधीव कड. या खुणा कागदापेक्षा खरं बोलतात.

‘पण पुढे संरक्षक भिंत होणार आहे’ असं कुणी सांगितलं तर दिलासा मानू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका जागेसाठी सरळ उभी भिंत सुचवणाऱ्यांत मीही होतो. लाटा भिंतीवर आपटून परत फिरताना तळाची वाळू उपसून नेत राहिल्या. काही वर्षांतच पुळण गेली, भिंतीचा पाया उघडा पडला, आणि जिथे भिंत संपत होती तिथे शेजाऱ्याची जमीन पूर्वीपेक्षा वेगानं खचू लागली. त्या शेजाऱ्यानं मला विचारलेला प्रश्न, ‘तुमचं वाचवताना माझं का घालवलंत?’, मी विसरलेलो नाही. भिंती कधीच बांधू नयेत असं मी म्हणत नाही. 1900 साली अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन बेटावर वादळात किमान 6 हजार लोक मेले, तेव्हा बेटाचा सर्वांत उंच भाग 3 मीटरसुद्धा नव्हता. नंतर तिथे भिंत तर बांधलीच, पण शहराची जमीनही भराव घालून उचलली. भिंतीला मर्यादा असते, हे विसरलं की ती धोका वाढवते. जपानमधल्या तारो गावाला 10 मीटर उंचीच्या भिंती होत्या, 2011 मध्ये पाणी त्यांवरून गेलं.

कांदळवन असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे. 100 मीटर रुंद दाट तिवरांचा पट्टा लाटांची उंची 13 ते 66 टक्क्यांपर्यंत कमी करतो असं मोजमापांतून दिसलं आहे. वादळी फुगवटा थोपवायला मात्र किलोमीटरांनी रुंद जंगल लागतं, आणि उंच त्सुनामीपुढे त्याचा फारसा आधार धरू नये. घरासमोरची तिवरं तोडून ‘समुद्र दिसेल असं’ करून देतो म्हणणारा विकणारा भेटला तर तिथूनच परत फिरा.

हळूहळू होणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. 1901 ते 2018 या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटर चढली आणि वेग वाढतो आहे. काही शहरांत त्याहून जास्त काळजी जमीन खचण्याची आहे. जाकार्ताच्या उत्तर भागात भूजल उपशामुळे काही ठिकाणी ती वर्षाला 10 सेंटिमीटरहून जास्त खचल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या विहिरीचं पाणी आजच चाखून बघा, उन्हाळ्याच्या शेवटीही बघा. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल तर खाली साधारण 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. म्हणजे उपशानं वरची पातळी थोडी जरी उतरली तरी खालून खारं पाणी चाळीस पटींनी वर सरकतं. एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला वर्षं जातात.

वाऱ्याबद्दल मी मुद्दाम कमी बोललो, कारण त्यावर उपाय होतो. त्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला लोखंडी पट्ट्यांनी नीट जखडलेली असेल तर घर तग धरतं. जमीन सखल असेल तर मात्र तसा सोपा उपाय नसतो.

तेव्हा घर घेण्याआधी लेव्हल काढा, जुन्या चित्रांवरून किनारा वर्षाला किती मागे हटतोय ते मोजा, खाडी-नाल्याच्या वाटा चालून बघा. माझा ढोबळ नियम असा: जोतं तुमच्या हिशेबातल्या पाण्याच्या किमान अर्धा मीटर वर हवं आणि धुपेच्या आजच्या वेगानं 50 वर्षांनीही घरासमोर पुरेशी जमीन उरायला हवी. यांतलं एक जरी बसत नसेल तर माझा सल्ला न घेण्याचा आहे, मग किंमत कितीही कमी असो. भरावाची जमीन असेल तर आणखी एक तपासणी लागते. पाण्यानं भरलेली भुसभुशीत वाळू भूकंपात चिखलासारखी वाहू शकते, तेव्हा मातीची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन्ही बसत असेल, तरी एक काम उरतं आणि ते वडिलांना सोबत घेऊनच करायचं आहे. घरापासून जवळच्या उंच जागेपर्यंत किंवा पक्क्या तिमजली इमारतीच्या वरच्या मजल्यापर्यंत त्यांच्या चालीनं जा आणि घड्याळ लावा. एकदा दिवसा, एकदा रात्री, टॉर्च घेऊन. वाटेत नाल्यावरचा पूल लागत असेल तर तो सर्वांत आधी पाण्याखाली जाईल असं धरून दुसरी वाट शोधा. वादळासाठी तुम्हाला एक-दोन दिवस मिळतात, तेव्हा त्यांना आदल्या दिवशीच हलवायचं, वारा सुटल्यावर नाही. पण समोर भूकंपप्रवण समुद्रतळ असेल आणि ती चाल वीस मिनिटांच्या वर जात असेल, तर बैठं घर सोडून त्याच भागातल्या पक्क्या इमारतीत वरच्या मजल्यावर जागा बघा. लेव्हल, धुपेचा वेग आणि वडिलांची ती मिनिटं, हे तीन आकडे हाती आले की मला कळवा. मग तुमच्या जागेबद्दल मला नेमकं बोलता येईल.